टोल्यांची स्प्रिंग

ज्या दिवाळीत नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आमचं पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिलं, त्याच्या महिनाभर आधी वहिनीनं दुकानातली दादाची जागा मागितली. दादा, माझा थोरला भाऊ, त्याच उन्हाळ्यात विषमज्वरानं गेला होता. घड्याळदुरुस्तीचं दुकान आम्हा दोघांचं. आता ते माझं एकट्याचं, असं मी धरून चाललो होतो. पण विजयमालावहिनीनं केशवरावांना मध्ये घातलं.

केशवराव तिगावचे निवृत्त स्टेशनमास्तर. आमच्या घरात त्यांचा शब्द चाले. त्यांनी स्वतःचं टोल्यांचं जुनं घड्याळ आणून माझ्या टेबलावर ठेवलं.

"गुणवंता, तू वहिनीले शिकव. दिवाळीले इनं हे चालू केलं, तर दादाची जागा इची. नाई तर इनं माहेरी सौंसरले जावं."

मी हसत हो म्हणालो. चार दिवसांत कंटाळेल, अशी माझी खात्री होती. कंटाळायचं सोडा, आठवड्यात ती डोळ्याला भिंग लावून माझ्यापेक्षा निवांत बसायला लागली. तिचा हात थरथरत नसे. माझा थरथरतो. गिऱ्हाइकं तिचं काम बघत उभी राहत आणि मग माझ्याकडे बघून हसत. माझं पित्त खवळायचं, आणि वर तोंडानं "वा, वहिनी" म्हणावं लागायचं.

यंत्र उघडायच्या दिवशी तिनं विचारलं, "भाऊजी, खोलाच्या आधी काय करू?"

टोल्यांच्या घड्याळात दोन स्प्रिंगा असतात. एक काट्यांची, दुसरी टोल्यांची. दोन्हींचा ताण उतरवल्याशिवाय यंत्र खोलायचं नाही, ही दादानं मला शिकवलेली पहिली गोष्ट.

"काट्याची स्प्रिंग उतरवा," मी म्हणालो. "चावी घट्ट धरा, खटका उचला, मंग हळूहळू सोडा."

तिनं अगदी तसंच केलं. मग माझ्याकडे बघितलं. मी पानाला चुना लावत बसलो.

तिनं स्क्रू काढले, यंत्राचा पितळी पत्रा सैल झाला आणि फाडकन आवाज आला. चाकांचे दाते तुटून भिंतीवर उडाले. सुटलेल्या स्प्रिंगेनं तिच्या उजव्या हाताचा अंगठा मुळापासून चिरला. ती ओरडली नाही, याचाही मला राग आला.

दिवाळीला केशवराव आले. अंगठा आता वळणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून झालं होतं. वहिनी ट्रंक भरून, हात फडक्यात गुंडाळून ओसरीत उभी होती.

"गुणवंता, दोन्ही स्प्रिंगा उतरवाले सांगितलं होतंस ना?"

मी तोंड उघडायच्या आत तीच बोलली. "भाऊजींनी सांगितलं असन. मीच इसरली. माफ करजा, भाऊजी, तुमच्या मेहनतीची माती केली मी."

तिला खरंच तसं वाटत होतं. दादाचा भाऊ असं काही मुद्दाम सांगायचं टाळेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

"जाऊ द्या, वहिनी. होते चूक," मी म्हणालो.

केशवरावांच्या देखत मी तिला माफ केलं, आणि तिची ट्रंक मीच बैलांच्या दमणीत ठेवली. एका हातानं तिला ती उचलवत नव्हती.