बसायची पानं

दुपारी जेवणं झाली की आमच्या घरावर एक गुंगी उतरते. हिवाळ्याचे दिवस, आर्वीच्या बाजारात कापसाच्या गाड्या लागलेल्या. त्यातलं एखादं पुंजकं उडत उडत आमच्या ओसरीपर्यंत येतं, इकडेतिकडे बघतं आणि सतरंजीवर बसतं. मग माझी बायको, आनंदाबाई, चिंचोक्यांचा डबा उघडते आणि आमचा डाव सुरू होतो.

हा डाव आमच्या लेकीनं, मोहिनीनं, मागच्या दिवाळीत पुण्याहून आणला. नाव ओमाहा. प्रत्येकाला चार पानं, मध्ये पाच उघडी. हातातली दोनच आणि मधली तीनच घ्यायची. पैशांऐवजी लावलेले अर्धे चिंचोके मोठ्या पानांना, अर्धे लहानांना. लहान म्हणजे अठ्ठीपर्यंतची. एक्का दोन्हीकडे चालतो. बिचाऱ्या दुर्री-तिर्रीला जन्मात पहिल्यांदा मान मिळाला तो इथं.

मी रूपराव, तीस वर्षं एसटीच्या डेपोत कंट्रोलर होतो. कोणती गाडी सोडायची, कोणती थांबवायची, ही खोड हाडात मुरलेली. त्यामुळे कोणत्या पानांवर बसायचं आणि कोणती फेकायची, हे मी आनंदाबाईला वर्षभर शिकवतो आहे. चारही पानं एका घरची हवीत, एकमेकांना धरून. तीन जमली आणि चौथं रुसून कोपऱ्यात बसलं, तर फार भरवसा धरू नये. एक्क्याबरोबर दुर्री असेल तर बसावं, तिर्रीही आली तर देवच पावला. नव्वी-दश्शी दिसली की डोळे मिटून फेकावी.

दश्शीवर आलं की आमचं बिनसतं. आनंदाबाई आष्टीची. तिच्या माहेरी बारा महिने मेंढीकोट चालायचा. त्यात दश्शी म्हणजे मेंढी, आणि चारही मेंढ्या पकडल्या की समोरच्यावर कोट. ‘मेंढी कोणी फेकते काय बापा?’ म्हणते आणि दश्श्या छातीशी धरून बसते. हरते. मी चिडतो, ती हसते.

यंदा मोहिनीचं बाळंतपण पुण्यालाच ठरलं. आईनं सहा महिने यावं, बाबांनीही यावं, असं तिचं म्हणणं. मी आनंदाबाईला तोंडानं ‘तू जा’ म्हणायचो आणि दोन-दोन दिवस धड जेवायचो नाही. आयुष्यभर लोकांच्या गाड्या सोडल्या, पण स्वतः गाडीत बसायचं म्हटलं की माझा पाय उचलत नाही. मोहिनीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात मी करणार काय? आणि खरं सांगायचं तर आनंदाबाईशिवाय या घरात राहायचीही मला भीती वाटत होती. बोलून दाखवणं मात्र मला कधी जमलं नाही.

त्या दुपारी सतरंजीवरच माझा डोळा लागला. स्वप्नात मी डेपोत होतो. फलाटावर एकच गाडी, पाटी कोरी, आणि खिडकीत ही बसलेली. गाडी सोडा, असं कुणीच म्हणत नव्हतं. जाग आली तेव्हा उन्हाचा पट्टा भिंतीवरून उतरून तिच्या मांडीवर आला होता. जुन्या लुगड्याचं दुपटं शिवत होती ती, बाळासाठी. पानांची गड्डी समोर तयार होती.

‘आज एकच डाव,’ ती म्हणाली. ‘तुम्ही जिंकले तर मी जात नाई. मोहिनीले फोन करून देईन, सासू हाय तिची. मी जिंकली तर तुम्ही बी संग चालता.’

‘शब्दापासून फिरशीन नाई ना?’

‘नाई.’

तिनं पानं वाटली. मी उचलली. इस्पिकचा एक्का. बदामाचा एक्का. इस्पिकची दुर्री. बदामाची तिर्री. याच्यापेक्षा चांगला हात या डावात नाही, असं मोहिनी म्हणाली होती, आणि वर्षभरात तो मला एकदाही आला नव्हता. अंगावर गोड काटा आला. राहिली, म्हटलं. ही आता राहिली.

मग मी तिच्याकडे पाहिलं. तिचं लक्ष पानांकडे नव्हतं. अंगठा दुपट्याच्या टाक्यांवरून हळूहळू फिरत होता. कापसाचं एक पुंजकं येऊन दुपट्यावर बसलं, ते तिनं तसंच राहू दिलं. मला ती स्वप्नातली गाडी दिसली. ती मीच अडवून धरली होती. मला माझीच लाज वाटली.

मी चारही पानं पालथी टाकली. ‘नाई बसत मी. खराब पानं हायेत.’

‘काऊन?’ ती एकदम उसळली. ‘असा हात कोणी फेकते काय? दोन एक्के, दुर्री, तिर्री! वर्षभर कान किटवले माझे, अन् आता...’

ती थांबली. माझी पानं अजून पालथीच होती.

‘तुले कसं माहीत?’

तिनं मान खाली घातली आणि स्वतःची पानं उलटी केली. चार दश्श्या.

‘तुम्ही झोपले होते तवा गड्डी लावली,’ ती म्हणाली. ‘चार मेंढ्या. दोनच चालतात, अन् मधात एक बी येत नाई. याच्याहून वंगाळ हात नाई ना?’

‘नाई,’ मी म्हटलं. म्हणजे हा डाव हिला केव्हाच कळला होता. इतके दिवस मला चिडवायलाच मेंढ्या धरून बसत होती.

‘तुले जायचं नव्हतं?’

‘होतं ना. पन तुमचा जीव इथं कसा लागन? तोंडानं तर थांब म्हनत नाई तुम्ही. म्हटलं, पानांले म्हनू द्या.’

मी माझी चार पानं गड्डीखाली सरकवली.

‘मी पानं फेकली,’ मी म्हटलं. ‘म्हंजे तू जिंकली. दोन तिकिटं काढाले सांग मोहिनीले.’

तिनं डोळे पुसले, चिंचोके गोळा केले, डब्याचं झाकण दाबून लावलं आणि डबा दुपट्याशेजारी ठेवला.

‘घे संग,’ मी म्हटलं. ‘पन तिथं पानं मी पिसीन.’