न सांगता ओळखणारा वैद्य

"तोंड उघडायचं नाही! एक अक्षर नाही. तुमची नाडी बोलेल."

वैद्यबुवांनी डोळे मिटून शिंपीणबाईंचं मनगट धरलं. खोली चिडीचूप झाली. दारात, खिडकीत माणसं माना लांब करून उभी होती.

"डावा खांदा," बुवा पुटपुटले. "हात वर जात नाही. आणि सुनेशी अबोला आहे. पित्त तिथून चढतंय!"

"अगं बाई!" शिंपीणबाई रडायलाच लागल्या. "सुनेचंसुद्धा नाडीत येतं?"

येतं तर! बुवांच्या नाडीत सून यायची, शेजारी यायचा, जावयाची बदलीसुद्धा यायची. ताप किती, रक्तदाब किती, असली फुटकळ माहिती मात्र कधी येत नसे.

बाहेरच्या खोलीत बुवांची थोरली बहीण बसे. सगळं गाव तिला ताई म्हणे. वडिलांकडून भावानं नाडी उचलली आणि हिनं मुरगळलेले पाय, लचकलेल्या माना बसवायची विद्या, असं घरात मानत. नवरा असताना आणि तो गेल्यावरही ती रोज इथे येई. आलेल्याला पाणी द्यायचं, "काय हो, चेहरा का उतरलाय?" म्हणून विचारायचं, आणि माणूस घडाघडा बोलायला लागला की मनापासून ऐकायचं. तिचे पाय दुखतात म्हणून भावानं तिला गादीची खुर्ची आणून दिली होती. त्याच्या मायेचं ती चारचौघांत कौतुक करी.

आणि आता तर सरकार पारंपरिक उपचार करणाऱ्यांची अधिकृत नोंदणी करणार होतं. बुवा त्यांच्या संघाचे अध्यक्ष. समिती येणार, बुवांची परीक्षा घेणार आणि तिचं समाधान झालं की मालीशवाले, जडीबुटीवाले, सगळ्यांची वाट मोकळी. ताईचाही अर्ज होता. ज्या हातांना लोक जन्मभर अडाणी म्हणाले, त्यांना मान मिळणार या विचारानं ती हरखून गेली होती.

समिती यायच्या आदल्या दिवशी रिटायर पोस्टमास्तर आले. खोलीत ओळखीची माणसं बघून मोठ्यानं म्हणाले, "गुडघे हो, दुसरं काय!" त्यांची पाळी आली तशी ताईनं त्यांना हात दिला. दाराशी ते तिच्या कानात कुजबुजले, "ताई, लघवीतून रक्त जातंय. सांगायची लाज वाटते."

"सांगूच नका. माझा भाऊ ओळखेल," ताई म्हणाली आणि त्यांच्याबरोबर आत गेली.

बुवांनी नाडी धरली. "गुडघे! वात उतरलाय. बाकी तब्येत ठणठणीत!"

"नीट बघ रे जरा."

"ताई, नाडी खोटं बोलत नाही."

पोस्टमास्तरांचा चेहरा खुलला. ताई मात्र विचारात पडली. मोठ्यानं सांगितलेलं नाडीत आलं आणि हळू सांगितलेलं आलं नाही. ही कसली नाडी, जिला ऐकायला कमी येतं?

पोस्टमास्तरांना तिनं आल्या पावली हॉस्पिटलात धाडलं. खोली रिकामी झाल्यावर पाण्याचं पिंप हलवून पाहिलं, फुलदाणी उचलून पाहिली, शेवटी आपलीच खुर्ची उलटी केली. गादीखाली एक पांढरी डबी चिकटवलेली होती. पाळण्याजवळ ठेवतात तसली. इकडे बाळ रडलं की तिकडे आईला ऐकू जातं. 'तिकडे' म्हणजे कुठे, तेही तिच्या लक्षात आलं. वारा बाधतो म्हणून बुवा बारा महिने कानटोपी घालत.

ती खुर्ची ओढत आत गेली. "हे काय आहे रे?"

बुवांनी आधी दार लावलं. "हळू बोल. लोकांना बरं वाटतं ना? मग झालं तर! आणि उद्या समिती आहे. तुझाही अर्ज आहे, विसरू नकोस."

"तुझ्या दाजींची नाडी धरलीस, तेव्हाही हे होतं?"

बुवांनी कानटोपी आणखी खाली ओढली.

छातीत कळा येत होत्या, पण बायको घाबरेल म्हणून तिचा नवरा याच बाहेरच्या खोलीत तिला म्हणाला होता, "अपचन झालंय गं." आणि आत बुवांनी छातीठोकपणे सांगितलं होतं, "अपचन. हृदय एकदम मजबूत!" त्या भरवशावर ताईनं त्याला डॉक्टरकडे नेलं नाही. आठवडाभरात तो गेला.

"अरे, तो मला खोटं बोलला ते काळजीपोटी. तू तेच खोटं नाडीतून काढून मला दिलंस! सख्ख्या बहिणीला!" बुवांनी खुर्ची उचलून पुन्हा बाहेर नेऊन ठेवली; स्वतःचा अर्ज असताना ताई तोंड उघडणार नाही, याची त्यांना खात्री होती.

दुसऱ्या दिवशी समिती आली. अध्यक्ष डॉक्टरीणबाई. रोग्यानं वैद्याशी बोलायचं नाही, असा त्यांचा कडक नियम होता. बाहेर ताईशी बोलायला मात्र मनाई नव्हती. ताईनं बाईंना फाटकाबाहेरच गाठलं आणि सगळं सांगितलं.

मग समितीचा धडधाकट ड्रायव्हर ताईजवळ बसून कण्हला, "मुतखडा हो, उजवीकडे." ज्याला खरोखर मुतखडा होता तो कारकून म्हणाला, "मान आखडते."

आत बुवांनी ड्रायव्हरचा हात धरला. "मुतखडा! उजवी बाजू!" टाळ्या. मग कारकुनाचा. "मान! खाली वाकून काम!" पुन्हा टाळ्या.

बाहेर ताई वाकली आणि खुर्चीशी तोंड नेऊन जीव खाऊन ओरडली, "ऐकू येतंय का रे?"

बुवा ताडकन उठले. दोन्ही हात कानटोपीवर. डॉक्टरीणबाईंनी टोपी काढली, तर कानात शेंगदाण्याएवढं यंत्र. कुणाला काय आजार होता, तेही त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं.

"ताई, आमच्या पोटावर पाय दिलास!" मालीशवाला ओरडला. "आता कसली नोंदणी?"

"ती थांबणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ताई, तुमचीसुद्धा."

ताईचे डोळे भरून आले. "थांबू दे," ती म्हणाली. "उद्या मुरगळलेला पाय घेऊन या, मी काय करते ते बघा आणि मागाहून हाडाचा फोटो काढून तपासा. चुकले तर अर्ज फाडा. आम्हाला मान हवा असेल तर तपासूनच द्या, तसाच नको."

"ताई, घरचं घरात मिटवलं असतं..." बुवा म्हणाले.

तिनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती लोकांकडे वळली. "तुम्ही मला विश्वासानं सांगायचात आणि हा चोरून ऐकायचा. माझा माणूस त्यातच गेला. डॉक्टर असो, वैद्य असो, दुखणं त्याला खरं खरं सांगा, लाजू नका. आणि न सांगता ओळखतो म्हणणारा भेटला, तर हात पुढे करण्याआधी त्याच्याकडच्या खुर्च्या उलट्या करून बघा."