बारा नंबरची जर्सी

आमच्या गावात एक फुटबॉल क्लब होता, हे आता कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. एकवीस वर्षं तो नेमाने हरत राहिला आणि एका पावसाच्या रविवारी कायमचा संपला. आता निवृत्त मास्तरांनी त्याचा इतिहास लिहायला घेतलाय. मास्तर गावात बदलून आले तेव्हा क्लब बुडून चार वर्षं झाली होती, म्हणून त्यांचा उत्साह अजून शाबूत आहे.

क्लबच्या जर्स्या दर सोमवारी आमच्या लाँड्रीत यायच्या. तिथे मी धुण्याच्या कामावर होते, त्यामुळे क्लबचा खरा इतिहास मला ठाऊक. कप्तान बेकरीवाला चेंडूपेक्षा माणसांनाच जास्त लाथा घालायचा. त्याच्या जर्सीवर रक्ताचे डाग असत आणि ते कधीच त्याचे नसत. गोलकीपरला सगळं गाव ‘दरवाजा’ म्हणायचं, कारण तो सदा उघडा. आणि बारा नंबरची जर्सी होती आमच्या ह्यांची.

हे घड्याळं दुरुस्त करतात. क्लबात अकरा वर्षं राखीव खेळाडू होते. बाकावर बसायचं आणि कप्तानाने ओरडून विचारलं की किती मिनिटं उरली ते सांगायचं, एवढंच काम. पण घरी यायचे ते चिखलाने माखून. “आज शेवटी शेवटी उतरवलं मला,” म्हणायचे. मी काय दूधखुळी होते? चिखल सगळा पोटावर आणि गुडघ्यांवर, जिथे आपला आपल्याला हात पोचतो तिथे. पाठ कोरी करकरीत. खेळणारा माणूस कधीतरी पाठीवर आपटतोच की! पण मी आपली ब्रश घासायचे आणि गप्प बसायचे. नवऱ्याची एवढीशी हौस, ती मोडून मला काय मिळणार होतं?

तर परवा मास्तर वही घेऊन घरी आले. पुस्तकाच्या शेवटी खेळाडूंची यादी येणार होती. अट एकच, निदान एक सामना खेळल्याचा साक्षीदार हवा. ह्यांनी छाती पुढे काढून सांगितलं, “चाळीसेक सामने तरी असतील.” मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. क्लबचं रजिस्टर पुरात गेलेलं, कप्तान वारलेला, गावात उरलेला दरवाजा क्लबचं नावही काढू देत नाही, बाकीचे कुठे कुठे पांगलेले. ज्यांना ज्यांना पत्रं धाडली त्यांतल्या एकालाही हे खेळल्याचं आठवत नव्हतं. एकाने तर उलट विचारलं होतं, ते घड्याळवाले पंच होते ना?

ह्यांचा चेहरा एवढासा झाला. सत्तरीला टेकलेला माणूस, महिनाभर त्या पुस्तकाच्या गोष्टी करत होता. नातीला सांगून ठेवलेलं की आजोबांचं नाव छापून येणार. मला बघवेना.

“वहिनी, तुम्ही सांगा,” मास्तर म्हणाले. “जर्स्या तुम्ही धुतल्यात.”

“खेळलेत,” मी म्हटलं. “एकदाच. पण खेळलेत.”

“अगं, राहू दे ना,” हे घाईघाईने म्हणाले.

“का राहू दे? मास्तर, शेवटच्या सामन्यानंतर ह्यांनी जर्सी माझ्या हाती लागूच दिली नाही. आल्या आल्या स्वतः धुवायला बसले. धुणं येतंय कुठे ह्यांना! पाठीच्या शिवणीत चिखल तसाच. पाठीवर, मास्तर! अकरा वर्षांत पहिल्यांदा.”

मास्तर एकदम खुलले. त्यांच्या वहीत नेमकी तिथेच जागा रिकामी होती. नऊ मिनिटं उरलेली असताना कोणाचा तरी पाय मुरगळला आणि बदली खेळाडू उतरला, पण पाऊस असा की कोण कोणाला ओळखणार? “म्हणजे ते तुम्हीच! मग तुम्ही समोरून पाहिलं असणार. बरोबरी झाली असती तरी आपण लीगमध्ये टिकलो असतो. शेवटच्या मिनिटाला दरवाजाने चेंडू सोडला कसा, तेवढं सांगा.”

ह्यांनी चहाचा कप उचलला आणि परत ठेवला. मी मनात म्हटलं, अहो, आता तरी बोला, नाव पक्कं झालं तुमचं.

“त्याने नाही सोडला,” हे म्हणाले. “माझ्या डोक्याला लागून गेला. बाहेर काढायला म्हणून उडी मारली आणि आपल्याच गोलात घातला. तो खाली पडलेला, डोळ्यांत चिखल. उठला आणि मलाच म्हणाला, सॉरी रे, हातातून निसटला. मी काही बोललो नाही.”

एकतीस वर्षं! त्या गोलाने क्लब खालच्या लीगमध्ये गेला, जर्स्या देणाऱ्या कारखान्याने हात वर केले, आणि गाव दरवाजाच्या मागे लागलं. त्याचं खिळे-बिजागऱ्यांचं दुकान आहे. तिथून निघताना लोक अजून विचारतात, “जाताना दार लावून घेऊ का?” मीही विचारलंय, हसत हसत. मला माझीच लाज वाटली, आणि ह्यांचा असा संताप आला की तो कप टाळक्यात घालावा.

“लिहू का हे?” मास्तरांनी हळूच विचारलं.

“लिहा. माझं नाव घालून लिहा.”

“आधी चपला घाला,” मी म्हटलं. “पहिलं त्याला सांगायचं. मी येते बरोबर, नाहीतर वाटेत पाय फुटतील तुम्हाला.”

दरवाजा काउंटरवर स्क्रू निवडत बसला होता. ह्यांनी उभ्या उभ्या एका दमात सगळं सांगून टाकलं. त्याने हातातले स्क्रू खाली ठेवले. मला वाटलं, आता हातोडी उचलतोय. दुकानात हातोड्यांना काय तोटा? पण त्याने आत हाक मारली, “अगं, जरा बाहेर ये.” त्याची बायको हात पुसत आली.

“आता पुन्हा सांग. हिच्यासमोर.”

ह्यांनी पुन्हा सांगितलं. या खेपेला फार सावकाश, एकेक शब्द जड झाल्यासारखं.

ती नवऱ्याकडे बघत राहिली. “अहो, पण तुम्ही तर म्हणता, चेंडू बोटांना लागून निसटलेला अजून जाणवतो.”

“जाणवतो ना,” तो म्हणाला, आणि आपलेच दोन्ही हात उलटेपालटे करून पाहू लागला. “रोज जाणवतो.”