अझुराइट कसं तयार होतं

मृणालने फळीवरचा तांब्याचा गडू उतरवला, जुन्या ओढणीत गुंडाळला आणि माळ्यावर पार मागे सरकवला. सासूबाई, मालनबाई, ताट समोर घेऊन बसल्या बसल्या बघत होत्या. ताटातली भाकरी तशीच होती. आठवडाभर त्यांच्या पोटात नीट अन्न गेलं नव्हतं.

खोपटच्या डॉक्टरांनी मृणालच्या लेकीचे, अक्षदाचे डोळे यंत्रातून तपासले होते. बुबुळाभोवती तपकिरी-सोनेरी कडं दिसलं. हिच्या अंगातून जास्तीचं तांबं बाहेर पडत नाही, यकृतात साचत राहतं, असं ते म्हणाले. गोळ्या जन्मभर. निघताना तांब्याच्या भांड्यातलं पाणीही बंद करा म्हणाले, आणि मालनबाईंनी तेवढंच धरून ठेवलं. नातीला रोज अनशापोटी ते पाणी त्याच पाजायच्या.

"आई, तुमच्या पाण्याने नाही झालेलं हे," मृणाल पुन्हा म्हणाली. "जन्मापासूनच आहे."

"माझ्याच हाताने पाजलं ना गं."

आईबाप दोघांकडून येतं, हे डॉक्टरांचं पुढचं वाक्य मृणालच्या तोंडून घरात अजून निघालं नव्हतं. तिच्या नवऱ्याच्या, विनीतच्याही नाही.

अक्षदाला कळलं होतं ते एवढंच, की चॉकलेट आणि शेंगदाणे बंद. ती शाळेतून आणलेला निळा खडा घेऊन आजीपुढे येऊन बसली. उद्या वर्गात त्याच्यावर बोलायचं होतं.

"आजी, ऐक हां, हसायचं नाही. हे अझुराइट. पावसाचं पाणी खडकात मुरतं, खडकातलं तांबं त्यात विरघळतं. मग भेगा असतात ना, तिकडे ते हळूहळू साचत जातं. आणि एकदम असं निळं होतं."

मालनबाईंनी खडा पदराने पुसला, उजेडात धरला. त्या म्हणाल्या,

"म्हणजे पाण्यानेच झालं की हे."

"अगं, पाणी कुठून आणणार तांबं? ते खडकातच असतं, पहिल्यापासून. पाणी बिचारं नुसतं येतं-जातं."

मालनबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि ताट जवळ ओढलं.

"मृणाल, जरा आमटी वाढ गं."

"वाढते हं, आई."

आमटी गरम होती, पळी हातात होती. ओट्याकडे तोंड करून उभ्या मृणालच्या कानात 'ते खडकातच असतं' एवढंच घोळत होतं; तिला वळता मात्र येईना.