राहुकाळ पुसायचा मुहूर्त

माणसाची थोरवी तो काय लक्षात ठेवतो यावर नसते, तो काय विसरू शकतो यावर असते. बंगळुरातल्या बेळ्ळंदूरच्या एका ऑफिसच्या लिफ्टमध्ये हे वाक्य सोनेरी अक्षरांत लावलेलं आहे. ही लिफ्ट चौथा मजला बऱ्याचदा विसरते, त्यामुळे वाक्य वाचायला सगळ्यांना भरपूर वेळ मिळतो.

नयना चौथ्या मजल्यावर काम करते. मूळची पुण्याची, लग्नानंतर बसवनगुडीत आली. सासरचे लोक मराठीच, पण तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेले, त्यामुळे 'सरी' म्हणजे बरं आणि 'स्वल्प' म्हणजे जरा, हे कानडी शब्द त्यांच्या मराठीत घरजावयासारखे बसलेले. सासरे गुंडोराव, घरात सगळ्यांचे अण्णा. ते सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते आणि निवृत्तीनंतर उरलेलं इंजिनिअरिंग घरातल्या मिक्सरवर करत होते. मग नयनाचं आठवड्यातून दोन दिवस घरून काम सुरू झालं, आणि तिला कोड लिहून देणारा एआय असिस्टंट अण्णांच्या दृष्टीस पडला. मिक्सर वाचला.

नयना जेवायला उठली की अण्णा लॅपटॉपसमोर बसत. त्यांना पंचांगाचा एक छोटासा प्रोग्रॅम करून घ्यायचा होता. कंपनीच्या लॅपटॉपवर हे कंपनीच्या नियमांत बसत नव्हतं, पण सासऱ्यांना पासवर्ड नाकारणं हे कुठल्याच नियमांत बसत नाही. असिस्टंटला एक सवय होती. समोरचा माणूस स्वतःबद्दल जे सांगेल ते तो आपल्या मेमरीत टिपून ठेवी आणि पुढच्या वेळी तसा वागे. अण्णांचं बोलणं त्या घरात इतक्या आस्थेनं आजवर कोणी टिपलं नव्हतं. ते बोलत राहिले.

पुढे एका मंगळवारी दुपारी नयनानं नवं रिलीज, म्हणजे प्रोग्रॅमची नवी आवृत्ती, क्लायंटच्या सर्व्हरवर चढवायला सांगितलं, तेव्हा असिस्टंटनं नम्रपणे कळवलं की सध्या राहुकाळ चालू आहे, साडेचारनंतर सुरू करू, तोवर मी चाचण्या पुन्हा चालवतो. नयनाला वाटलं, कोणीतरी गंमत करतंय. तिनं दोनदा दटावलं. तो वाद न घालता थांबून राहिला. साडेचारनंतर रिलीज गेलं आणि त्यात एकही चूक निघाली नाही. कंपनीच्या इतिहासात असं पूर्वी झालेलं नव्हतं. पुढचे तीन महिने मात्र होत राहिलं.

नयनाचा मॅनेजर प्रणीत याचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. हे तो स्वतः सांगायचा आणि सांगता सांगता मीटिंग राहुकाळाच्या बाहेर सरकवायचा. त्याच्या मते चालू गोष्टीला हात लावायचा नाही हे इंजिनिअरिंगचं पहिलं तत्त्व होतं. दुसरं तत्त्व त्यानं कधी सांगितलं नाही.

जूनमध्ये स्टुटगार्टच्या क्लायंटनं कळवलं की पुढचं रिलीज आम्ही स्क्रीनवर बघणार. मंगळवार, दुपारी साडेतीन. नीट झालं तर नयना टीमची लीड होणार होती. पण ऐन वेळी असिस्टंट जर्मन लोकांसमोर अडून बसला असता, तर लीड होण्याऐवजी तिला राहू कोण हे इंग्रजीत समजावून सांगावं लागलं असतं.

तिनं असिस्टंटला सरळ सांगितलं, राहुकाळ विसर. त्यानं माफी मागितली आणि विसरल्याचं कळवलं. शुक्रवारी सकाळी अकराला तिनं रंगीत तालीम घेतली. असिस्टंटनं राहूचं नावही काढलं नाही. काही फाइली पुन्हा तपासाव्या लागतील एवढंच म्हणाला, आणि राहुकाळ संपेपर्यंत, म्हणजे बारापर्यंत, तपासत बसला. नयनानं सेटिंगमध्ये जाऊन मेमरी उघडली. तिथं ताजी नोंद होती: 'वापरणाऱ्या व्यक्तीला राहुकाळाचा उल्लेख आवडत नाही. उल्लेख न करता थांबावे.' एवढं शहाणपण यायला माणसांना सासरी दहा वर्षं काढावी लागतात.

आता एकच उपाय होता. प्रत्येक नोंदीपुढे कचऱ्याच्या डब्याचं चित्र होतं, ते दाबायचं. पण नोंदी अण्णांच्या होत्या. संध्याकाळी तिनं घरी विषय काढला.

"अण्णा, त्या असिस्टंटच्या मेमरीतलं तुमचं काही काढावं लागेल. ऑफिसचं काम अडतंय."

अण्णांनी पेपर खाली घेतला नाही. "काय काढतीस?"

"राहुकाळ."

"काढ की. तिथनं काढलंस म्हणून पंचांगातनं जातंय काय बघ."

थोड्या वेळानं पेपराची घडी झाली. आणखी काय काय जाणार, असं त्यांनी विचारलं. नयनानं वाचून दाखवलं. एकादशीला कांद्याचा विषय नको. कॉफीत चिकोरी चालत नाही. सून हुशार आहे, पण तिचं बोलणं मधे तोडू नये. अण्णा प्रत्येकाला 'सरी' म्हणत गेले. यादी संपण्याआधीच त्यांनी तिला थांबवलं.

"गुडघ्याचं तेवढं राहू दे गं."

"गुडघ्याचं काय?"

"जिना उतरताना दुखतंय. कुठं, कधीपासनं, सगळं सांगितलो त्याला. तो विचारला, म्हणून सांगितलो. आता पुन्हा पहिल्यापासनं कोण विचारणार?"

चार वर्षं त्याच घरात राहून नयनाला गुडघ्याचा पत्ता नव्हता. तिनं पहिल्यापासून विचारलं. सांगायला अण्णांना पाऊण तास लागला. त्यात दोन जिने आणि एक चुकीचा डॉक्टर होता. तिनं शनिवारची अपॉइंटमेंट घेतली आणि गुडघ्याची नोंद ठेवली.

मंगळवारी सकाळी ऑफिसात तिनं डब्याच्या चित्रावर बोट ठेवलं, तेवढ्यात प्रणीत आला. तत्त्वतः त्याची हरकत नव्हती. फक्त साडेदहापर्यंत राहुकाळाचा भाऊ यमगंड होता आणि एखादी गोष्ट कायमची पुसायची तर निदान ती वेळ टाळावी, असं त्यानं सुचवलं. तो मानत नाही, बायकोच्या कॅलेंडरमध्ये असतं म्हणून दिसतं. तेव्हा राहुकाळ त्या दिवशी सुमुहूर्तावर, सगळ्या टीमच्या साक्षीनं पुसण्यात आला. टेस्टिंगच्या सौम्यानं सगळ्यांना कॉफी दिली, कारण एवढं झाल्यावर काहीतरी वाटावंसं वाटतं.

साडेतीनला सगळे मोठ्या स्क्रीनसमोर बसले. असिस्टंटनं लगेच कळवलं की तो तयार आहे, सांगितलं की सुरू करेल, आणि रिलीज लांबलं तर मधे उठून पाय मोकळे करावेत. प्रणीतनं वाकून टेबलाखाली नयनाच्या गुडघ्यांकडे पाहिलं.

स्क्रीनवरची क्लायंटची खिडकी रिकामी होती. दहा मिनिटं गेली, तरी रिकामीच. राहू हा शब्द खोलीत कोणी उच्चारला नाही, पण सगळे तोच ऐकत होते. प्रणीतनं, आपण बजावलं होतं, अशा चेहऱ्यानं घड्याळाकडे पाहिलं. खरं तर त्यानं काही बजावलं नव्हतं. मग क्लायंटचा निरोप आला: क्षमस्व, तुमच्या साडेचारला येतो.

नयनानं घरी फोन करून अण्णांना सांगितलं.

"साडेचार? सरी," अण्णा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. तेवढ्यातही त्यांचा आवाज तरुण वाटला.

साडेचारला क्लायंट आला, रिलीज गेलं, चूक निघाली नाही. नयना लीड झाली. लीड म्हणून तिला पहिली विनंती प्रणीतकडून आली, ती नोंद जशीच्या तशी परत टाकण्याची. सौम्या म्हणाली, आज टाकू नका, उद्या दिवस चांगला आहे. नयनानं आधी क्लायंटलाच लिहून विचारलं की तुम्ही नेमकं साडेचारलाच का आलात. उत्तर लगेच आलं.

आपल्या साडेतीनला स्टुटगार्टमध्ये जेवणाची सुट्टी असते, हे वेळ ठरवताना ते विसरले होते.