तुरटी

अशफाकने ढब्बूच्या नाकावरची घडी अंगठ्याने हलकेच उचलली आणि कोमट पाण्यात भिजवलेला कापूस आत सरकवला. ढब्बू कळवळला. टेबल ओरबाडत असा काही मागे सरकला की शीलाने दोन्ही हातांनी धरलं नसतं तर खाली कोसळलाच असता.

"आग होऊन राह्यली त्याले," ती म्हणाली. "तीन दिवस झाले, तोंडाले हात लावू देत नाही."

चपट्या नाकाच्या, घड्याघड्यांच्या तोंडाच्या कुत्र्यांचं हे दुखणं अशफाकच्या रोजच्या ओळखीचं होतं. घडीत ओल राहते, ओलीने खाज सुटते, खाजवून खाजवून कातडी लाल होते. हा लालपणा मात्र त्यातला नव्हता. हनुवटीखालीही तसाच होता, आणि तिथे घडी नव्हती. त्याने कापूस बाहेर काढून चिमटीत चोळला. बोटांना बारीक खरखर लागली. पुन्हा एकदा चोळून त्याने खात्री करून घेतली.

"मॅडम, याले तुरटी कोन्या न्हाव्यानं लावली?"

"न्हावी कायले लावीन?" शीला हसलीच. "आमच्या वाशीमले कुत्र्यांचं पार्लर निघालं ना. तिथं नेलं होतं. डोळ्याखालचे डाग काढले, मिशीजवळचे केस बारीक केले. तेव्हा तं मस्त दिसत होता."

शीला वाशीमला शिक्षिका होती. सुट्टीत माहेरी, इंझोरीला आली होती. ढब्बूचं रडगाणं ऐकून तिच्या वडलांनी, भाऊसिंगांनीच तिला कारंज्यात कुत्र्यांचे केस कापणाऱ्या अशफाकचा पत्ता दिला होता.

तुरटी लावणारा माणूस न्हावीच असणार, यात अशफाकला तिळमात्र शंका नव्हती. दाढी झाली की तुरटी फिरवायची, हे हाताला इतकं पाठ असतं की डोक्याला विचारायची गरज पडत नाही. दोन वर्षांपूर्वी नवीन नवीन असताना त्याने स्वतः हाच प्रताप केला होता. एका पामेरियनचं तोंड सुजलं, आणि जनावरांच्या डॉक्टरांनी त्याला चारचौघांत असं झापलं की पुढे कित्येक दिवस त्या रस्त्याने जायची त्याला लाज वाटे. त्यामुळे वाशीमच्या या अनोळखी न्हाव्याचं त्याला हसूच आलं. शिकेल बिचारा, असं वाटलं.

त्याने घडी न् घडी धुतली, मऊ फडक्याने टिपून कोरडी केली आणि हात झटकले.

"झालं. उतरवा याले."

ढब्बू उतरेना. टेबलावर बूड टेकून ताठ बसला. मान डावीकडे वळवून थांबला, मग उजवीकडे वळवून थांबला.

"थांबा, त्याले आरसा पाह्यजे," शीला म्हणाली. "तिथं सवय लागली. काम झालं का आरसा दाखवतेत, आधी हा गाल, मंग तो गाल. मले तं इतकं हसू येते!"

अशफाकला हसू आलं नाही. आधी डावा गाल, मग उजवा, मग मागून मान. गिऱ्हाईक लग्नाचा नवरदेव असो की दीड वर्षाचं रडकं पोर, आरसा दाखवल्याशिवाय खुर्चीवरून उठवायचं नाही, हा वाशीममध्ये एकाच माणसाचा कायदा होता. त्या माणसाचं नाव रहमतुल्ला, आणि तो अशफाकचा बाप होता.

याच बापाने त्याला दुकानाबाहेर काढलं होतं. एका जुन्या गिऱ्हाइकाच्या कुत्र्याला डोळ्यांवरच्या केसांमुळे दिसत नव्हतं. अशफाकने मागच्या अंगणात नेऊन ते केस कापले, एवढाच गुन्हा. अब्बांनी ती कात्री गटारात फेकली. या खुर्चीवर नमाजी माणसं बसतात, म्हणाले. हा धंदा करायचा असेल तर माझ्या दारात उभं राहू नकोस, म्हणाले. धाकटा अरसलान तेव्हा कोणाच्या तरी डोक्याला तेल चोळत होता. त्याने मान वर केली नाही. "अब्बा सही बोल रहे, भाई," एवढं मात्र तो बोलला.

अशफाक बायकोला, लतीफाला घेऊन तिच्या माहेरी, कारंज्याला आला. लोक सुरुवातीला दारात थांबून विचारत, "काय अशफाकभाई, आज कोनाची दाढी?" त्याने ते हसून सोसलं. अब्बांचा त्याला राग मात्र आला नाही. अब्बा पाक-नापाकचं, कुत्र्याच्या विटाळाचं मानणारे, जुन्या वळणाचे. त्यांचा राग मनापासूनचा आहे, आणि मनापासूनचा राग कधीतरी निवळतो, असं तो लतीफाला दर ईदेला सांगायचा. एक दिवस अब्बा बोलावतील आणि आपण पुन्हा घरी जाऊ, याच भरवशावर त्याने दोन वर्षं काढली होती. मुलगी अर्शिया इथेच जन्मली. आजोबांनी तिचं तोंड अजून पाहिलं नव्हतं.

"पोरगा आरसा दाखवते काय?" त्याने विचारलं. अजूनही त्याला वाटत होतं, अरसलानच असेल. अब्बांच्या नकळत, चोरून.

"नाही हो, पोरगा नुसती मशीन चालवते. तोंडाचं काम म्हातारे चाचाच करतेत. हात थोडा थरथरते, पन कुत्रं मांडीवर घेऊन बसतेत अन् काय प्रेमानं बोलतेत! मी इचारलं, चाचा, या वयात हे कसं सुचलं? तं म्हनाले, माह्या एकुलत्या एक पोराचं डोकं हाये हे."

अशफाकने तोच कापूस पुन्हा पाण्यात बुडवला, पिळला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. कोणी तोंडात मारावी तसं झालं होतं त्याला. धर्माचं काही नव्हतं तर. कुत्र्याचंही नव्हतं. अब्बांना मांडीवर कुत्रं चाललं, फक्त थोरला मुलगा चालला नाही. दोन वर्षं ज्या रागाची आपण इज्जत केली, तो राग नव्हताच.

"तुमी ओळखता काय त्यांले?"

"नाही."

"मंग मीच झापते. माह्या ढब्बूचं तोंड सोलून काढलं अन् वर आरसा!" तिने पर्समधून मोबाईल काढला.

"नोका लावू, मॅडम. भरून येईन चार दिवसांत."

पण तिने लावलाही होता, आणि स्पीकरवर टाकलाही होता.

"बोला मॅडम," पलीकडून आवाज आला. "ढब्बूशेठ कसे हायेत?"

आवाज जरासा बसला होता. बाकी तोच. अशफाकने टेबलाची कड धरली.

"कसले ढब्बूशेठ! तोंड पाहा त्याचं, लाल झालं सारं. काय लावलं होतं तुमी? इथं कारंज्याले एक भाऊ हायेत, तेच सांगतीन तुमाले." तिने मोबाईल सरळ अशफाकच्या तोंडासमोर धरला.

अब्बांना काय काय बोलायचं हे त्याने दोन वर्षांत शंभर वेळा घोकलं होतं. त्यातलं काहीच आठवेना.

"कुत्र्याच्या तोंडाले तुरटी लावू नोका," तो म्हणाला. "कातडी जळते त्याची."

पलीकडे मशीन घरघरत होती. ती बंद झाली. शीलाने मोबाईलकडे पाहिलं, फोन चालूच होता.

"फिर तू क्या लगाता?" अब्बांनी विचारलं.

दुकानात अब्बा वऱ्हाडी सोडून दुसरं बोलत नसत. ही हिंदी बोली घरातली होती, ताटावर बसल्यावरची. म्हणजे त्यांनी ओळखलं होतं. ओळखून त्यांनी कसा आहेस विचारलं नाही, लतीफाचं विचारलं नाही, लेकरू झालं का तेही नाही. काय लावतोस, एवढंच हवं होतं त्यांना.

अशफाकने टेबलाची कड सोडली.

"कोमट पानी, चाचा," तो म्हणाला. "मंग कोरडं पुसा. घडीत ओल ठेवू नोका. लाल दिसलं तं डॉक्टरकडं पाठवा."

पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता. म्हाताऱ्या माणसाचा, थोडा घरघरता. ढब्बू अजून टेबलावर ताठ बसून होता आणि शीला आळीपाळीने अशफाककडे आणि मोबाईलकडे पाहत होती.

"आनखी काही इचारायचं हाये काय, चाचा?"

"नाही, भाऊ," अब्बा वऱ्हाडीत म्हणाले.