प्रयोगवहीचं फाडलेलं पान

बारावीला मानसशास्त्र घेणारी पोरं मेहकरात कमीच. घेतात तीही प्रात्यक्षिकाच्या मार्कांसाठी. म्हणून पोरांच्या प्रयोगवह्या म्हणजे आपली इज्जत, असं मी समजायचो. बाहेरून परीक्षक यायचे, वह्या चाळायचे न् म्हणायचे, "वा सर, एक आकडा चुकीचा नाही!" चुकेल कसा, बाप्पा? आकडे मीच बसवून द्यायचो ना. पुस्तकातला निष्कर्ष आधी, प्रयोग मग.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर अवधानाचा प्रयोग लावला होता. साधाच आहे. एक डोळा झाकायला लावून ठिपक्यांचं कार्ड क्षणभर दाखवायचं, किती दिसले ते समोरच्यानं सांगायचं. सात-आठ ठिपके कोणीही एका नजरेत धरतो. पूनम कार्डं दाखवत होती आणि समोर उजवा डोळा झाकून बसली होती राखी, साखरखेर्ड्याहून एसटीनं येणारी. तिचे आकडे तीन, चार, पुन्हा तीन.

"काय वं राखी, लक्ष कुठं हाय तुह्यं? मोबाइलात?"

वर्ग हसला. मीही हसलो.

प्रयोग झाला की समोर बसलेल्यानं आपल्याला काय जाणवलं ते चार ओळींत लिहायचं असतं. ते मी दरवर्षी फळ्यावर लिहूनच द्यायचो, सगळ्यांना एकच: 'प्रयोग करताना मला आनंद वाटला.' राखीनं मात्र स्वतःचं लिहिलं. 'डाव्या बाजूचे ठिपके मला दिसत नाहीत. कापूस वेचताना डोळ्याला फांदी लागली, तेव्हापासून डाव्या डोळ्यापुढे पडदा आल्यासारखा वाटतो. घरी सांगितलं नाही.'

वाचलं मी ते. न वाचता सही ठोकली असती तर आज निदान तेवढं तरी समाधान असतं. वाचलं, आणि डोक्यात आलं काय, तर परीक्षक काय म्हणतील! सांगायची लाज वाटते. पान टर्रकन फाडलं.

"हे काय दवाखान्याचे कागद हायेत? फळ्यावरचं उतरव. न् आकडे लिही सात, आठ, सात."

तिनं उतरवलं. वळणदार अक्षर होतं पोरीचं. पैकीच्या पैकी मार्क पडले.

मार्चात तिचे वडील उकंडराव तिला घेऊन कॉलेजात आले. तिच्या डाव्या डोळ्यावर पट्टी होती. डोळ्याचा मागचा पडदा सुटलाय, असं जालन्याच्या डॉक्टरनं सांगितलं होतं. दिवाळीनंतर लगेच आणलं असतं तर डोळा वाचला असता. उकंडरावांचा सगळा राग पोरीवरच.

"सर, हे म्हणते, म्या तवाच वहीत लिहिलं होतं, सरायनं वाचलं होतं. दाखवा बरं वही. चष्मा नाही आणला म्या, तुम्हीच वाचा."

मी कपाटातून वही काढली, पान उघडलं. वाचलं, "प्रयोग करताना मला आनंद वाटला."

"आनंद!" उकंडराव पोरीकडे वळले. "मंग तवा दिसत होतं तुले. खोटं काऊन बोलतं वं? आमच्यापासून लपवलं न् आता सरायवर ढकलतं?"

राखी उरलेल्या डोळ्यानं माझ्याकडे पाहत राहिली. दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते ओळखायला शिकवायचा पगार घेतो मी. पोरगी कशाची वाट पाहतेय ते मला कळत नव्हतं असं नाही. मला म्हणायचं एकच वाक्य होतं: 'ते पान मी फाडलं.'

"वहीत तर असंच आहे, भाऊ," मी म्हणालो.

राखीनं वही मिटून माझ्या टेबलावर सरळ ठेवली. "येते सर," म्हणाली आणि डाव्या हातानं भिंत चाचपत बापाच्या मागं गेली.